फुलांचा मध : गुण, पारख आणि स्वयंपाकातील उपयोग

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत मधाच्या दुकानी एकाच फळीवर तीन-चार रंगांच्या बाटल्या मांडलेल्या असतात. एकीतील मध फिकट सोनेरी, दुसरीतील तांबूस, तर तिसरीतील जवळजवळ काकवीसारखा काळसर. गिऱ्हाईक बहुधा एकच प्रश्न विचारते, “यांतला खरा कोणता?” वस्तुतः तिन्ही खरे असू शकतात. मध हा एक पदार्थ नसून पदार्थांचे कुल आहे, आणि त्या कुलातील प्रत्येकाचा रंग, गंध व चव ज्या फुलांतून मकरंद आला त्या फुलांवर अवलंबून असते. ही साधी गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे आपल्याकडे अस्सल मध संशयाने परत केला जातो आणि साखरेचा पाक विश्वासाने विकत घेतला जातो.

शास्त्रीय परिभाषेत मधाचे दोन वर्ग आहेत. फुलांतील मकरंदापासून होतो तो फुलांचा मध. याशिवाय झाडांचा रस शोषणाऱ्या माव्यासारख्या कीटकांच्या अंगातून पाझरणारा गोड द्रव गोळा करूनही मधमाश्या मध बनवितात. युरोपातील सूचिपर्णी अरण्यांत तो पुष्कळ मिळतो. आपल्याकडील बहुतेक मध पहिल्या वर्गातला होय, आणि या लेखात त्याचाच विचार केला आहे.

मकरंदाचा मध कसा होतो

फुलातील मकरंद म्हणजे मध नव्हे. मकरंद पातळ असतो. त्यात निम्म्याहून अधिक, कित्येकदा तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते आणि गोडी मुख्यतः ऊस-साखरेची असते. मधमाशी तो आपल्या मधुकोशात साठवून पोळ्यात आणते. तिच्या ग्रंथींतून मिसळणाऱ्या विकरांमुळे ऊस-साखरेचे विघटन होऊन फळशर्करा (फ्रुक्टोज) आणि द्राक्षशर्करा (ग्लुकोज) या दोन साध्या शर्करा तयार होतात. पुढे तो रस एकीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात जातो, कोठड्यांत पातळ थराने पसरला जातो, आणि शेकडो माश्या पंखांनी वारा घालून त्यातील पाणी उडवितात. पाणी साधारण वीस टक्क्यांच्या आसपास आले म्हणजे कोठडीवर मेणाचे झाकण बसते. हे झाकण म्हणजे मध पिकल्याची मधमाशीने दिलेली पावतीच होय. झाकण बसण्यापूर्वी काढलेला मध कच्चा असतो आणि तो पुढे आंबतो.

या कामाचे मोल समजून घ्यावयाचे असेल तर एवढा हिशेब पुरे. एका खेपेत माशी फार तर ४० मिलिग्रॅमच्या आसपास मकरंद आणते. एक किलो मधासाठी किमान दोन किलो मकरंद लागतो असे धरले, तरी पन्नास हजार खेपा होतात. आपल्याकडील सातेरी माशी अंगाने लहान असल्यामुळे तिच्या खेपा याहूनही अधिक.

महाराष्ट्रात मध देणाऱ्या माश्या मुख्यतः चार. उंच कड्यांवर व मोठ्या वृक्षांवर एकच प्रचंड पोळे लटकविणारी आग्या. झाडांच्या ढोलीत व भिंतींच्या पोकळीत समांतर पोळी बांधणारी सातेरी. झुडपाच्या फांदीवर हाताएवढे पोळे करणारी फुलोरी. आणि दंश न करणारी इवलीशी पोया. यांतील सातेरी पेटीत पाळता येते. परदेशातून आणलेली इटालियन माशीही आता ठिकठिकाणी पाळली जाते. ती मध अधिक देते, परंतु तिला सलग आणि भरपूर फुलोरा लागतो, म्हणून तिच्या पेट्या मोहरी, सूर्यफूल अशा पिकांमागे गावोगाव हलवाव्या लागतात. सह्याद्रीच्या रानात विखुरलेल्या फुलांवर गुजराण करण्यात सातेरीचा हात धरणारे कोणी नाही.

कोणत्या फुलांचा मध

महाबळेश्वर, जावळी, पाटण या डोंगराळ पट्ट्यात मधाचा मुख्य हंगाम उन्हाळ्याचा. जांभूळ, हिरडा, गेळा यांचा बहर या सुमारास येतो. जांभळाच्या मधाला किंचित कडवट झाक असते आणि नवख्या गिऱ्हाइकास ती भेसळ वाटते. जाणकार मात्र तो मध मुद्दाम मागून घेतात. पावसाळा सरता सरता कारवीची पाळी येते. कारवी दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षे ती नुसती वाढते आणि मग एका वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळे करून सोडते. मुंबईलगतच्या डोंगरांत २००८ आणि २०१६ या वर्षी असा बहर आला होता. कारवीचा मध त्यामुळेच दुर्मिळ. तो दरवर्षी, हव्या तेवढ्या प्रमाणात मिळतो असे कोणी सांगू लागला तर ग्राहकाने सावध व्हावे. पठारी भागात तीळ, कारळा, सूर्यफूल यांचा मध होतो. उत्तरेकडे मोहरीचा आणि बिहारमध्ये लिचीचा मध प्रसिद्ध आहे.

मोहरीचा मध काही आठवड्यांतच साजूक तुपासारखा पांढरा गोठतो. “खाली साखर बसली, म्हणजे साखर घातली होती,” असा निष्कर्ष काढून असा मध फेकून देणारे सुशिक्षित लोकही आहेत. मध गोठणे ही नैसर्गिक क्रिया आहे. द्राक्षशर्करा पाण्यात कमी विरघळते, म्हणून ज्या मधात तिचे प्रमाण अधिक तो लवकर कणी धरतो. फळशर्करा अधिक असेल तो दीर्घकाळ पातळ राहतो. गोठलेल्या मधाची बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. पाणी हात सोसेल इतपतच ऊन असावे.

महाराष्ट्रात या व्यवसायाला संघटित रूप आले ते खादी व ग्रामोद्योगाच्या कार्यामुळे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वर येथे आहे, आणि पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर या गावी मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ हा उपक्रम सुरू झाला. देशातील अशा प्रकारचे ते पहिले गाव. पुढे कोल्हापूर जिल्ह्याच्या भुदरगड तालुक्यातील पाटगावनेही तीच वाट धरली. पंचायत सदस्यांनी अशी गावे एकदा तरी जाऊन पाहावीत. सातेरीच्या पेटीतून वर्षाला मिळणारा मध काही किलोंचाच असतो, हे खरे. पण ज्या रानात मधासाठी पेट्या आहेत त्या रानातील जांभूळ-हिरड्यावर कुऱ्हाड सहसा पडत नाही, हा लाभ वजनात मोजता येत नाही.

गुण किती आणि गैरसमज किती

शंभर ग्रॅम मधात साधारणपणे ३८ ग्रॅम फळशर्करा, ३१ ग्रॅम द्राक्षशर्करा, १७ ते २० ग्रॅम पाणी आणि उरलेल्या भागात इतर शर्करा, सेंद्रिय आम्ले, अल्प खनिजे, विकर, पराग व सुगंधी द्रव्ये असतात. ऊर्जा सुमारे ३०० कॅलरी. जीवनसत्त्वे नाममात्र. म्हणजे मध हे ताबडतोब शक्ती देणारे, पचण्यास हलके असे गोड अन्न आहे. ते जीवनसत्त्वांचे भांडार नव्हे. जाहिरातींतून केला जाणारा तसा दावा ग्राह्य धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केलेल्या शिफारशीत आहारातील मोकळ्या साखरेचे प्रमाण एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावे असे म्हटले आहे, आणि त्या ‘मोकळ्या साखरे’त मधाची गणना स्पष्टपणे केली आहे. मधुमेही व्यक्तीने “मध म्हणजे साखर नव्हे” या समजुतीवर विसंबून तो मनसोक्त खाणे धोक्याचे ठरेल. सकाळी कोमट पाण्यातून मध घेतल्याने चरबी झडते, असे म्हणतात. त्या पाण्याने चहा-साखर सुटत असेल तर थोडा लाभ होईलही. पण तो लाभ साखर सुटल्याचा.

मग मधाचे खरे गुण कोणते? दोन गुणांना आज भक्कम आधार आहे.

पहिला खोकल्यातील उपयोग. घशाला मधाचा लेप बसतो आणि कोरडा खोकला शमतो, हा घराघरांतील अनुभव आहे. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्दी-खोकल्याच्या १०५ मुलांना झोपण्यापूर्वी मध, मधाच्या चवीचे खोकल्याचे औषध किंवा काहीच नाही अशा तीन गटांत विभागले होते; पालकांच्या नोंदींनुसार रात्रीचा खोकला आणि झोप यांत मधाचा गट सरस ठरला. आल्याच्या रसातून वा अडुळशाच्या काढ्यातून मध देण्याची आपली रीत यामुळे निराधार ठरत नाही. मात्र खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, ताप असला किंवा वजन घटत असले तर मधाची बाटली बाजूला ठेवून थुंकी तपासून घ्यावी. क्षयाचे निदान लांबवणे कोणाच्याच हिताचे नाही.

दुसरा गुण जखमेवरचा. मधात शर्करा इतकी दाट आणि मोकळे पाणी इतके थोडे असते की जंतूंना तेथे वाढता येत नाही. शिवाय तो आम्लधर्मी आहे, आणि जखमेतील पाण्याने किंचित पातळ झाला की त्यातील विकराच्या योगे हायड्रोजन पेरॉक्साइड मंदगतीने तयार होत राहते. या विषयावरील जगभर उल्लेखिले जाणारे एक काम महाराष्ट्रातील आहे, याचा आपल्याला विसर पडू नये. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम् यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांपैकी निम्म्यांना मधाचा लेप आणि निम्म्यांना प्रचलित औषधी मलम देऊन तुलना केली. १९९१ साली ब्रिटनमधील शल्यशास्त्राच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. मधाच्या गटातील जखमा लवकर निर्जंतुक झाल्या आणि लवकर भरल्या. रुग्णालयांत आता यासाठी वापरतात तो मध विशेष रीतीने निर्जंतुक केलेला असतो. बाजारातील बाटली उघडून मोठ्या भाजल्या जखमेवर ओतणे हा त्याचा अर्थ नव्हे. भाजल्यावर प्रथम गार पाणी, मग दवाखाना, हा क्रम मोडू नये.

आयुर्वेदाने मधाचा विचार फार बारकाईने केला आहे. चरकसंहितेत मधाचे माक्षिक, भ्रामर, क्षौद्र आणि पौत्तिक असे चार प्रकार, तर सुश्रुतसंहितेत आठ प्रकार सांगितले आहेत, म्हणजे माशी बदलली की मध बदलतो हे त्या काळीही ठाऊक होते. मधाला ‘योगवाही’ म्हटले आहे, ज्या औषधाबरोबर द्यावा त्याचे गुण वाहून नेणारा. मध तापवू नये हा दंडकही तेथलाच. आजच्या रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहता, मध तापविल्याने त्यातील विकर व सुगंध नष्ट होतात आणि एचएमएफ नावाचे संयुग वाढते. मध किती तापविला वा किती जुना आहे हे प्रयोगशाळेत याच संयुगाच्या प्रमाणावरून ताडतात. भारतीय मानकानुसार ते किलोमागे ८० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. घरगुती पदार्थात शिजलेल्या मधाने विषबाधा होते असे मात्र नाही. सुगंधासाठी जादा पैसे मोजून घेतलेला मध उकळणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे, एवढे खरे.

तान्ह्या बाळाला मध नको

या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगावयाची आहे. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांनी ती घरोघरी पोहोचवावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आपल्याकडे बाळ जन्मताच त्याला मधाचे बोट चाटविण्याची, मधातून सोने उगाळून देण्याची आणि पुढे बाळघुटी मधातून देण्याची रीत आहे. त्यामागची माया खरी आहे. परंतु एक वर्षाच्या आतील बाळाला मध देणे जिवावर बेतू शकते. मातीत आढळणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जंतूचे सुप्त बीजाणू मधात असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत. तान्ह्या बाळाच्या अपरिपक्व आतड्यात मात्र ते रुजून विष निर्माण करतात आणि स्नायू लुळे पडू लागतात. हा आजार प्रथम १९७६ साली अमेरिकेत ओळखला गेला. सुरुवात बहुधा बद्धकोष्ठाने होते; मग बाळ नीट अंगावर पीत नाही, रडण्याचा आवाज क्षीण होतो, पापण्या मिटू लागतात, मान धरत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

मध अस्सल आहे, घरच्या पेटीतला आहे, उकळून घेतला आहे, यांपैकी कोणतीही सबब येथे चालत नाही. घरगुती उकळीने हे बीजाणू मरत नाहीत, आणि शुद्ध मधातही ते असतात. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, आणि पहिला वाढदिवस होईपर्यंत मधाचे बोटही नाही. आजीबाईंना हे सांगताना त्यांच्या रीतीची टवाळी करू नये. विधी करावयाचाच असेल तर मध बाळाच्या ओठी न लावता देवापुढे ठेवावा, असे सुचविल्यास बहुतेक घरांत ते मान्य होते.

पारख

खऱ्या मधाला मुंग्या लागत नाहीत, कुत्रा तो खात नाही, कागदावर तो पसरत नाही, पाण्यात टाकला की सरळ तळाशी जातो, त्यात भिजवलेली वात पेटते, अशा कितीतरी ‘कसोट्या’ प्रचलित आहेत. यांपैकी एकीवरही विसंबू नये. मुंग्यांना मध आवडतोच. दाट पाकाचा थेंबही पाण्यात तळाशीच जातो. या कसोटीतून फार तर मधाचा दाटपणा कळतो, त्याचे कुळ कळत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांनी एका पेल्यात मध आणि दुसऱ्यात साखरेचा दाट पाक सोडून दाखवावा. मुलांचा हा भ्रम कायमचा जाईल.

भेसळ करणारेही आता शिकलेले आहेत. ऊस आणि मका या वनस्पतींची साखर कर्बाच्या समस्थानिकांवरून ओळखता येते, म्हणून भेसळीसाठी तांदळासारख्या धान्यापासून केलेले पाक वापरात आले, कारण ते त्या चाचणीत सापडत नाहीत. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये तेरा नाममुद्रांच्या मधाची तपासणी प्रसिद्ध केली. सर्व चाचण्यांत उतरलेल्या नाममुद्रा तीनच होत्या. जी भेसळ पकडण्यासाठी परदेशी प्रयोगशाळेची मदत घ्यावी लागली, ती वातीने वा टीपकागदाने कशी पकडता येणार?

म्हणून ग्राहकाने मध पारखण्यापेक्षा मध काढणारा पारखावा. दोन प्रश्न विचारावेत. मध पिळून काढला की यंत्राने? आग्याचे पोळे रात्री पेटत्या चुडीने जाळून, अंड्या-अळ्यांसह पिळले की मध गढूळ होतो, लवकर आंबतो, आणि वसाहतही नष्ट होते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने संरक्षक पोशाख घालून पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापून घेण्याची अहिंसक पद्धत विदर्भातील मध गोळा करणाऱ्यांना शिकविली आहे. पोळ्याचा उरलेला भाग जागेवरच राहतो आणि माश्या तो पुन्हा भरून काढतात. पेटीतील चौकटी यंत्रात फिरवून काढलेला मध तर सर्वांत स्वच्छ. दुसरा प्रश्न असा : पाणी किती? भारतीय मानकाप्रमाणे मधात पाणी वीस टक्क्यांहून अधिक नसावे. हे मोजणारे हातात धरण्याचे उपकरण फार महाग नसते. गावात पंधरा-वीस मधपाळ असतील तर त्यांच्यासाठी एक उपकरण सामाईक घेणे परवडते. बाटलीच्या तोंडाशी फेस, आंबूस वास आणि झाकण उघडताना फस्स असा आवाज आला, तर तो मध आंबला आहे असे समजावे.

स्वयंपाकघरात

मराठी स्वयंपाकात मधाला जागा थोडीच मिळाली. पंचामृतात दूध, दही, तूप, साखरेबरोबर तो असतो, विवाहविधीतील मधुपर्कात असतो, आणि त्यानंतर थेट औषधाच्या कपाटात जातो. गूळ जवळ असताना मधाची गरज भासली नाही, हे त्याचे कारण असावे. तरीही काही पदार्थांत मध गुळाहून सरस ठरतो.

नाचणीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि वर जांभळाच्या मधाची धार, ही न्याहरी एकदा करून पाहावी. घावन, आंबोळी यांबरोबरही तो शोभतो. पपनस, संत्री, पेरू यांच्या फोडींवर चिमूटभर सैंधव, मिरपूड आणि चमचाभर मध घातल्यास उत्तम कोशिंबीर होते. लिंबाच्या सरबतात मध घालावयाचा तर तो आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून घ्यावा, नाहीतर पेल्याच्या तळाशी बसतो. चहात किंवा दुधात मध घालताना पेला तोंडाला लावण्याइतका निवू द्यावा.

मधातला आवळा पुष्कळांचा बिघडतो. कारण असे की आवळ्यातील पाणी मधात उतरते आणि पातळ झालेला मध आंबतो. यासाठी आवळे वाफवून, फोडी सुट्या करून, सावलीत दोन दिवस चांगल्या सुकवाव्यात. मगच काचेच्या बरणीत घालून त्या पूर्ण बुडतील एवढा मध ओतावा. चार-पाच दिवसांनी मध पातळ झालेला दिसला तर तो ओतून घेऊन सरबताला वापरावा आणि बरणीत नवा दाट मध घालावा.

केक-बिस्किटांत एक वाटी साखरेऐवजी पाऊण वाटी मध पुरतो. दूध वा पाणी तीन-चार चमचे कमी करावे, मधाच्या आम्लतेसाठी चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा, आणि भट्टीची आच थोडी उतरवावी, कारण फळशर्करा लवकर करपते. असा केक दोन दिवस अधिक मऊ राहतो. चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू मात्र गुळातच करावेत. मधाचा गोळीबंद पाक टिकत नाही. पावसाळी हवेत तो ओल शोषून घेतो आणि लाडू बसके, चिकट होतात.

मध काचेच्या अथवा चिनी मातीच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवावा. तांब्या-पितळेच्या वा लोखंडी भांड्यात ठेवू नये, कारण त्यातील आम्लांची धातूवर क्रिया होते. ओला चमचा बरणीत घालू नये. शीतकपाटाची गरज नाही. तेथे तो उलट अधिक घट्ट होऊन काढणे कठीण जाते. आणि हिवाळ्यात बाहेर ठेवलेला मध आपणहून गोठलाच, तर दरवेळी पातळ करण्याची घाई करू नये. बारीक कणीचा गोठलेला मध सुरीने लोण्यासारखा पसरतो, भाकरीवरून ओघळत नाही, आणि मुलांच्या शाळेच्या डब्यात तर तोच सोयीचा पडतो.